भिंतीपलीकडचं पाणी

बाहेरगावी निघताना कुणी कडी दोनदा ओढून बघतं, कुणी चुलीतले निखारे विझलेत ना ते बघतं. मी अंगणातली फरशी उचलून नळाची चावी बंद करत असे. सवय वाईट नव्हती. तिच्यापायी मी जे केलं ते वाईट होतं, आणि ते आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. एका व्यक्तीला सांगितलं. तेही सांगायला नको होतं, असं आता वाटतं.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. संस्थान विलीन झालं त्या सुमाराला नळाला पाणी पहाटे दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तासभर येत असे. असा नळ असला की एक चूक हटकून होते. दुपारी सवयीनं तोटी फिरवायची, पाणी नाही असं बघायचं आणि तोटी तशीच उघडी टाकून दुसऱ्या कामाला लागायचं. घरात माणूस असला तर काही बिघडत नाही. आम्ही एकदा असा नळ उघडा टाकून दोन दिवस गारगोटीला गेलो. परत आलो तर पायरीवरून अजून पाणी ओघळत होतं. जोंधळ्याच्या पोत्याला मोड आले होते. भिंतीखालून पाणी पलीकडे वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं आणि त्यांची मातीची चूल विरघळून गेली होती. शेवटी गल्लीतल्या कुणीतरी कौलांवरून आत उतरून तोटी बंद केली होती.

मी शरमून वहिनींच्या दारात गेलो. त्या चिखल खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, देवानं रंकाळा दिलाय की इतका जवळ. घरात कशाला आनलासा?"

आणि हसल्या. चूल त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच नवी घातली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. भांडण नव्हतं. पाच जाणती माणसं बसली, घराच्या मधोमध भिंत घातली, भांडीकुंडी वाटून घेतली. नळ मात्र वाटता येईना. रस्त्यावरून येणारा पाइप माझ्या अंगणात शिरत होता, तिथंच फरशीखाली त्याची पितळी चावी होती, आणि चावीच्या पुढे तो दोन बाजूंना फुटत होता. एक फाटा माझ्या मोरीत, दुसरा भिंतीतून दादांच्या मोरीत. वाटणीच्या कागदावर त्यापुढे दोनच शब्द लिहिले गेले, पाणी सामायिक. दादा म्हणाले, "चावी तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. तू काय मला तहानलेला ठेवनार हाईस?" त्यावर सगळी हसली. मीही हसलो.

दीड वर्षानं दादा गेले. एक मुलगी होती, ती आधीच कागलला दिलेली. वहिनी एकट्या राहिल्या. आमच्याकडे येऊन राहा असं मी म्हणालो होतो, पण त्या मानी होत्या. जवळच्या तालमीत परगावचे चार पैलवान राहत. त्यांच्या भाकऱ्या वहिनी थापून देऊ लागल्या. पैलवानाची भाकरी म्हणजे आपल्या दोन भाकऱ्यांची एक. पीठ मळायला, हात बुडवायला, भांडी घासायला पाणी लागे, आणि ते पाणी माझ्या अंगणातल्या चावीवर होतं.

घरातल्या त्या पुरानंतर आमची एक रीत पडली. गावाला जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी मी भिंतीपाशी उभा राहून सांगायचो, "वहिनी, उद्या निघतोय."

"कवा येनार?"

"परवा."

"बरं, भरून ठेवतो की मी."

मग त्या हंडे-कळशा भरून ठेवत. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असे. जास्त दिवस लागले तर त्या आमचं दार उघडून अंगणात येत, फरशी उचलत, चावी सोडत, पाणी भरून घेत आणि पुन्हा बंद करून जात. आम्ही परत आलो की त्या उंबऱ्यातच आम्हाला थांबवत, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकत आणि पायावर पाणी घालत. प्रवासाहून आलेल्या माणसाला तसं आत घ्यायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. ती आमच्या घरी करायला दुसरं कुणी वडीलधारं उरलं नव्हतं.

हे सगळं नीट चाललं होतं. मोडलं ते एका साध्या गोष्टीवरून. एका खेपेला आम्ही चार दिवसांनी परतलो तर आमचं घर लखलखीत होतं. वहिनींनी किल्ली होती म्हणून सगळं झाडून काढलं होतं, चुलीमागची भिंत सारवली होती, काळी पडलेली पातेली चिंचेनं घासून पालथी घातली होती. मला बरं वाटलं. माझ्या बायकोला नाही. ती पातेल्यांकडे बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "माझं घर घाण असतं, असं आक्कांना वाटतं तर."

"अगं, त्यांनी प्रेमानं केलं."

"प्रेमानंच केलं. मी कुठं काय म्हणाले?"

त्या दिवसापासून दोघी जावांमध्ये काहीतरी आंबलं. मी कचेरीतून यायचो तो थकलेला. एकीचं ऐकावं तर दुसरीकडे बघवत नसे. मला फक्त शांतता हवी होती. शांतता हवी असणारा माणूस किती अन्याय करू शकतो ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या वैशाखात निपाणीला माझ्या मेहुण्याचं लग्न निघालं. दोन दिवसांचं जाणं. त्याच सुमारास माझ्या मोरीतल्या नळाचं वायसर झिजलं होतं. तोटी कितीही आवळली तरी पाण्याची धार लागून राही. फिटर गल्लीच्या तोंडाशी बसायचा, त्याला हाक मारली असती तर काम झालं असतं. मी महिनाभर उद्या-उद्या करत होतो. म्हणजे त्या वेळी चावी बंद करून जाण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं, आणि ते गत्यंतर मीच ठेवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी बायको ट्रंकेत कपडे भरताना म्हणाली, "किल्ली या खेपेला आपल्याजवळच असू दे."

मी विचारायला हवं होतं, का म्हणून. विचारलं नाही. ती का म्हणतेय ते मला कळत होतं. बरं म्हणालो.

सकाळी टांगा दारात आला. वहिनी त्यांच्या पायरीवर उभ्या होत्या. मी कुलूप लावलं. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"असू दे वहिनी या खेपेला," मी म्हणालो, "दोनच दिवस तर आहेत."

त्यांचा हात तसाच क्षणभर राहिला. मग त्यांनी तो पदराला पुसला, जणू ओलाच होता.

"व्हय की. दोनच दिवस. कवा, उद्या सांजचं?"

"उद्या संध्याकाळी."

"जावा, बिगीनं जावा, मोटार चुकंल."

लग्न चांगलं झालं. निपाणीत त्या दिवसांत सगळीकडे तंबाखूचा वास असतो. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही. ठरलेली संध्याकाळ आली. मी निघायचं काढलं. मेहुण्याच्या काकांनी माझी पिशवीच काढून घेतली.

"पावणं, एवढ्यात कुठं निघालासा? अजून पूजा हाय. मांडव उतरायचा हाय."

"रजा संपली."

"रजा काय, कागदावर लिवली की वाढती."

सगळे हसले. मी राहिलो. पिशवी घेऊन गेले म्हणून राहिलो नाही, राहावंसं वाटलं म्हणून राहिलो. इथं मला कुणी काही विचारत नव्हतं. ताट समोर येत होतं, पान-सुपारी येत होती, दुपारी ओसरीवर आडवं व्हायला जागा होती. कित्येक महिन्यांत मी इतका झोपलो नव्हतो. कचेरीला तार केली.

रात्री बायकोनं विचारलं, "आक्कांचं पाणी?"

"भरून ठेवलंय त्यांनी."

"दोन दिवसांचं."

"कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आहे की. आणतील."

तिनं कूस बदलली. मीही. पुढे मी लोकांना सांगितलं की विसरलो, आणि ती माझ्या सांगण्याला नाही म्हणाली नाही, हा तिचा वाटा. पण किल्ली माझ्या खिशात होती. तिच्या नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. सासऱ्यांच्या शेजारचे एक गृहस्थ कोर्टाच्या कामाला कोल्हापूरला निघाले होते. टोपी घालता घालता त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय पावणं, घराकडं काय निरोप, काय जिन्नस? शिवाजी पेठंतनंच जानार हाय मी."

माझा हात कोटाच्या खिशात होता. बोटांना किल्ली लागत होती. ती काढून त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, आमच्या वहिनींना द्या, एवढंच काम होतं. पण मग ते विचारणार, कशाला? मी सांगणार, पाण्याची चावी आमच्या अंगणात आहे. मग सासरे विचारणार, म्हणजे त्या बाईचं पाणी बंद करून आलासा की काय? ओसरीवरच्या त्या माणसांपुढे मी विधवा भावजयीचं पाणी तोडून लग्नाला आलेला माणूस ठरणार होतो. ते खरंच होतं. पण ते तोपर्यंत मला एकट्याला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणालो, "काही निरोप नाही."

ते गेले. दीड-दोन तासांच्या वाटेवर माझी किल्ली पोचू शकत होती आणि मी ती खिशात ठेवली. त्यानंतर जो दिवस जाई तो परत जाणं अवघड करत जाई. दोन दिवस उशीर झाला असता तर हसून सांगता आलं असतं. चार दिवसांनंतर काय सांगायचं? म्हणून मी पाचवा दिवस काढला, मग सहावा. वहिनींचं काय होत असेल याचा मी विचार करत नव्हतो असं नाही. मी तोच विचार करत होतो, आणि तो करता करता जेवत होतो.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. गल्ली तापलेली होती. टांग्याचा आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या.

"थांबा तितंच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. माझी मान खाली होती, त्यामुळे मला आधी तांब्याच दिसला. तो त्यांनी डाव्या हातात धरला होता. तुकडाही आधी डाव्या हातानंच ओवाळून टाकला. मग त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. थोडं नाही, अर्धा तांब्या. उरलेला माझ्या बायकोच्या पायावर. गार पाणी होतं. मातीच्या घागरीतलं असावं. पायांवरची धूळ ओघळून पायरीवर गेली आणि तेव्हा माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. मनगटाला हळदीचा लेप होता आणि वर जुन्या लुगड्याचा पट्टा गुंडाळला होता. बोटं सुजली होती.

"आक्का, हाताला काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाय. मुरगाळलाय. आत या, ऊन हाय."

मी कुलूप उघडून आधी अंगणात गेलो. पायातली वहाणही काढली नाही. फरशी उचलली, चावी सोडली. पाइपात पाणी यायला अजून दोन तास होते. मी मोरीच्या पायरीवर बसून राहिलो. पाच वाजता माझ्या नळाला धार लागली. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. त्यांची तोटी बंद होती आणि त्यांनी ती उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला निघालो तर कोपऱ्यावर त्या चार पैलवानांपैकी एकजण भेटला. दोन्ही हातांत दोन भरलेल्या घागरी. आपण रिकामी पिशवी धरतो तशा त्यानं त्या धरल्या होत्या. मला बघून थांबला.

"पावणं! आलासा व्हय?" मी त्या गल्लीत जन्मलो. तो तिथं दोन वर्षांपूर्वी आलेला. तरी पाव्हणा मीच. "मग, नळ झाला का दुरुस्त?"

"कसला नळ?"

"तुमचा वो. मावशी म्हनत हुत्या, नळ बिगडलाय, फिटर गावाला गेलाय. फिटर तर रोज हितं बसलेला दिसतोय. म्हटलं असंल दुसरा कोनतरी फिटर."

त्याच्या डोळ्यांत हसू होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. मी विचारलं, "त्यांच्या हाताला..."

"चौथ्या दिवशी पडल्या की. हितंच." त्यानं मानेनं सार्वजनिक नळाचा कट्टा दाखवला. कट्ट्यावर हिरवं शेवाळ होतं. "भरलेली घागर डोक्यावर. घागर फुटू न्हाय म्हनून हात खाली घातला. घागर बी फुटली. तवापास्नं पानी आमी भरतोय. भाकरी जरा वाकडी येती आता, पर पोटात गेल्यावर कोन बगतंय, वाकडी का सरळ?"

तो निघाला, आणि दोन पावलांवरून मागे न बघता म्हणाला, "बायका इचारत्यात त्यांस्नी नळावर. घरात नळ असून हितं कशाला येतासा म्हनून. मावशी काय सांगत न्हाईत."

मी भाजी न घेताच परत आलो आणि तडक वहिनींच्या दारात गेलो. म्हणालो, "वहिनी, चुकलो. लग्नाच्या गडबडीत साफ विसरलो."

"हुतं असं," त्या म्हणाल्या. "लग्नघरात कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय."

"चावी सोडलीय कालच. नळ उघडा की."

"हाय की पानी. पोरं आनत्यात."

त्याच आठवड्यात मी फिटरला बोलावून माझ्या नळाचं वायसर बदललं. दहा मिनिटं लागली. त्यानं जुनं वायसर माझ्या तळहातावर ठेवलं. रबराचा झिजलेला एक तुकडा. मी तो बराच वेळ हातात धरून उभा होतो. फिटर म्हणाला, "टाका की ते साहेब, काय करायचंय त्याला?"

वहिनींचा हात बरा झाला नाही. आधी हाड बसवणाऱ्याकडे गेल्या, मग मी हट्टानं राजारामपुरीत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हाड जसं जुळायचं तसं जुळून गेलंय. भाकरी थापायला मनगट फिरावं लागतं. त्यांचं फिरेना. दोन पैलवानांना त्यांनी दुसरीकडे सोय बघायला सांगितली. राहिलेले दोघे तसेच राहिले. वाकड्या भाकरीसाठी राहिले की पाणी भरायला राहिले, मला सांगता येत नाही.

पाऊस आला, गेला. गणपती झाले, दसरा झाला. वहिनी माझ्याशी बोलत, पूर्वीइतकंच बोलत. सणाला पोळ्यांचं ताट भिंतीवरून येई. फक्त त्यांचा नळ बंद असे. रोज पहाटे पाणी आलं की मी मोरीत भांडी भरत उभा राहायचो आणि कान भिंतीकडे असायचा. पलीकडे काही वाहत नसे. थोड्या वेळानं गल्लीतून पैलवानाची जड पावलं येत आणि घागर खाली ठेवल्याचा आवाज येई. मी दमून गेलो होतो. वहिनींनी आमच्या नळाचं पाणी घ्यावं, म्हणजे आम्ही पुन्हा एका घरची माणसं होऊ, एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायला मला तोंड नव्हतं. खरं सांगितलं नाही म्हणूनच हे अडलंय, असं मला वाटू लागलं. सांगून टाकलं की त्या रागावतील, चार शब्द बोलतील आणि नळ उघडतील.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी गेलो. त्या जोंधळे पाखडत होत्या. सूप डाव्या हातानं उडवायचं आणि उजव्यानं नुसतं टेकू द्यायचं, अशी त्यांनी सवय केली होती. मी समोर बसलो.

"वहिनी, मी विसरलो नव्हतो."

सूप चालूच राहिलं.

"पहिल्या दिवसापासून ध्यानात होतं. तिसऱ्या दिवशी किल्ली पाठवायला माणूस होता. इथूनच जाणार होता तो. मी दिली नाही."

सूप थांबलं. "का?"

"लाज वाटली. चार लोकांत सांगावं लागलं असतं, की तुमचं पाणी बंद करून आलोय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ त्या जोंधळ्यातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी लोकच हुते की भावजी. घागर घिऊन हुबं ऱ्हायचं आन् बायकांनी इचारायचं. मी रोज न्यारं न्यारं सांगायचो. नळ बिगडला, फिटर गावाला गेला. तुमचं नाव ऱ्हावं म्हनून. तुमी तितं, मी हितं, दोगं बी तुमचंच नाव राखत हुतो म्हना की."

"मी चुकलो वहिनी."

"ते मला माहीत हाय. किल्ली न्हेलीसा तवाच माहीत हाय. पर मी मनाला सांगितलं हुतं, भावजी इसरलं. मानूस इसरतो. इसरनाऱ्याचा राग येत न्हाय फार दिवस. ते तेवडं माझ्यापाशी हुतं. आज ते बी काढून घेतलासा."

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचू लागलो.

"तुमास्नी वाटलं असंल, सांगितलं की मोकळं हुईन. झालासा मोकळं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आता ह्ये मी कुटं ठेवू, सांगा. ह्ये काय हंडा हाय, कोपऱ्यात ठिवायला?"

मी म्हणालो, "चावी तुमच्या अंगणात घेऊ. पाइप फिरवू. तुम्ही उघडाल तेव्हा आम्हाला पाणी. चालेल मला."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलल्या. "नगं. उद्या मला बी कवातरी राग यील. कुनाला येत न्हाय? तवा तुमच्या घरादाराचं पानी माझ्या हातात नगं."

"मग काय करू?"

"येगळं करा. माझं मला, तुमचं तुमाला. चाव्या भायेर रस्त्यावर. कुनाच्या घरात नगंत."

मी नगरपालिकेकडे अर्ज केला. मंजुरीला वेळ लागला, तो लागतोच. जानेवारीत फिटर दोन मजूर घेऊन आला. रस्ता खणून त्यानं दोन पाइप काढले, एक त्यांच्या दाराकडे, एक माझ्या. दोघांच्या चाव्या दारांबाहेर, लोखंडी झाकणांखाली. मग त्यानं माझ्या अंगणातला जुना पाइप कापला. भिंतीतून पलीकडे जाणारा तुकडा ओढून काढला तेव्हा भिंतीला आरपार भोक दिसलं. त्यातून वहिनींच्या मोरीतली ओली फरशी दिसत होती आणि त्यांचे पाय. फिटरनं दोन थापी सिमेंट कालवून ते बुजवलं. मी बघत उभा होतो. वाटणीच्या कागदावरचे ते दोन शब्द त्या दिवसापासून नुसते कागदावर राहिले. पंचांनी भिंत घातली होती, पण घर खरं वेगळं झालं ते त्या दोन थाप्यांनी, आणि ते मी माझ्या पदरच्या खर्चानं करून घेतलं.

काम पुरं झाल्याच्या कागदावर वहिनींची निशाणी हवी होती. फिटरनं शाईचा डबा उघडला. वहिनींनी विचारलं, "कंचा हात?"

"डाव्या हाताचा अंगठा, मावशी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "त्यो चालतोय."

फिटर हसला. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यांनी अंगठा उठवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. अंगठ्याशेजारी त्यांचं नाव मी लिहिलं.

मग फिटर बाहेर जाऊन त्यांची चावी सोडून आला. वहिनींनी घागर तोटीखाली सरकवली आणि डाव्या हातानं तोटी फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं, मग निवळ. घागरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज भरत भरत बारीक होत गेला. इतक्या महिन्यांनी तो आवाज मी ऐकत होतो, पण ते पाणी आता माझ्याकडून येत नव्हतं. मी तिथं का उभा आहे, हे मलाच कळेना.

घागर भरली. त्यांनी तोटी बंद केली, ओल्या हातानं पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, कचेरीला उशीर हुईल. जावा आता."

मी गेलो.